जुने कपडे ऑनलाइन घ्यायचेत? आधी विकणारीला कामाला लावा

आपल्याकडं जुना कपडा द्यायची कुणाला लाज वाटत नाही, बोहारीण दारात आली की चार साड्या अन दोन पँटी टाकून स्टीलचं पातेलं घ्यायला सगळ्याजणी पुढं, पण तोच कपडा कुणी विकत घेतला म्हणलं की "अगं बाई, दुसऱ्याचं घातलेलं?" असं तोंड करतात. आता हे कमी व्हायलंय. परभणी-नांदेडच्या पोरी इन्स्टावरून जुनी जॅकेटं मागवायल्यात, लग्नात एकदाच नेसलेले शालू फेसबुकवर विकायला यायलेत, अन लातूरला शिकणारी पोरं इंटरव्ह्यूपुरता ब्लेझर ओएलएक्सवर शोधायलेत. घ्यावं का नाही हा प्रश्न मागं पडला, नीट कसं घ्यावं तेवढं सांगते.

बाजारात कपडा घेताना आपण हातात घेतो, चोळून बघतो, उलटा करतो, उजेडाकडं धरतो, कुणी बघत नसेल तर वास पण घेतो. छत्रपती संभाजीनगरला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात हे सगळं फुकट करता येतंय. मोबाइलवर यातलं एकही होत नाही. म्हणून हे सगळं विकणाऱ्याकडून करून घ्यायचं अन ते पण पैसे द्यायच्या आधी. तुमचा हात तिथं पोचत नाही तर तिचा हात वापरा. खाली जे काही सांगतेय ते सगळं या एकाच गोष्टीचं आहे.

पहिले समोर कोण विकतंय ते ओळखा. एक असतात घरच्या बाया, स्वतःच्या कपाटातलं काढून विकतात, फोटो वाईट असतात, पलंगावर टाकून ट्यूबलाइटमध्ये काढलेले, पण विचारलं तर खरं सांगतात कारण ती साडी त्यांनी स्वतः नेसलेली असते. दुसरे इन्स्टाचे थ्रिफ्ट पेजवाले, म्हणजे जुनेच कपडे विकायचं पेज चालवणारे, फोटो झकास, मापं लिहिलेली, पण "नो रिटर्न, नो एक्सचेंज" वरच लिहून ठेवलेलं. तिसरे गठ्ठ्याचा माल घेऊन सुटा विकणारे. यांच्याकडं "इम्पोर्टेड आहे ताई" हे वाक्य लई ऐकू येतं. आपल्या देशात घातलेले कपडे बाहेरून आणायला सरकारी परवाना लागतो, तेव्हा इम्पोर्टेड म्हणणाऱ्याला माल कुठून आला हे एकदा सरळ विचारा, उत्तर कसं देतो त्यावरूनच बरंच कळतं. अन कॉलरमागचं लेबल अर्धं कापलेलं असेल तर तो बहुतेक कंपनीचा उरलेला माल असतो, घातलेला नाही, त्यात शिवण चुकलेली नाहीतर एक बाही छोटी असं काहीतरी निघू शकतं. वाईट नाही तो माल, फक्त दोष कुठंय ते आधी विचारून घ्या.

घ्यावं काय? जे महाग असतं अन कमी वेळा घातलं जातं ते. लग्नाचे कपडे सगळ्यात वर. नवरदेवाची शेरवानी आयुष्यात एकदा अंगात जाते अन मग कपाटात लटकून राहते, घागऱ्याचं पण तेच. लेकरांचे गॅदरिंगचे ड्रेस, छोट्या नऊवाऱ्या, मावळ्याचा पोशाख, हे तर एका दुपारपुरते असतात, गॅदरिंगचा हंगाम संपला की फेब्रुवारी-मार्चमध्ये बघा, आया काढून टाकायच्या मागंच असतात. थंडीचं जॅकेट पण चांगला सौदा, आपल्याकडं थंडी येऊन येऊन किती येणार, नवीन जॅकेटला हजारो घालायची गरज नाही. जीन्स, ब्लेझर, डेनिम शर्ट, सिल्कच्या साड्या, हे पण ठीक.

घेऊ नये ते म्हणजे आतले कपडे, मोजे, स्वस्त लेगिंग, अन घामानं आखडलेले सिंथेटिक टॉप. साधी दोन-अडीचशेची कुर्ती तर अजिबात जुनी घेऊ नका, कुरियरचे शंभर-दीडशे त्यात मिळवले की नवीनच येते. हा हिशोब लई जण विसरतात, वस्तू १८० ची अन घरी पडली ३०० ला. बूट-चप्पल मी घेत नाही, आधीच्या माणसाच्या पायाचा साचा त्यात बसलेला असतो, अन सोल वरून चांगला दिसला तरी जुना झाला की चिकटवलेला सुटतो.

शोधायची पण एक पद्धत आहे. लोक स्पेलिंग कशीही लिहितात, त्यामुळं मराठीत, हिंदीत, इंग्रजीत तिन्हीत टाकून बघा अन चुकीच्या स्पेलिंगनं पण टाका, चुकीच्या स्पेलिंगवाल्या वस्तूवर गिऱ्हाइकं कमी तुटून पडतात. फेसबुक मार्केटप्लेसवर अंतर ठरवता येतं, ते आपल्या गावापुरतं ठेवलं तर गंगाखेड नाहीतर जिंतूरच्या माणसाला दोन सोफे अन एक म्हैस एवढंच दिसणार. जागा बदलून संभाजीनगर टाका, पुणे टाका. पुण्यात आपल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी असतंच, भाचा नाहीतर नणंदेची पोरगी, त्यांना जाऊन बघायला सांगता येतं अन रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये पिशवी टाकून देता येते. कुरियरपेक्षा हे कधीही बरं, एक तर ओळखीच्या माणसानं हात लावून बघितलेलं असतंय अन पैसे पण जागेवर देता येतात.

वेळ पण बघावी. उन्हाळ्याची लग्नसराई संपून आषाढ लागला की लग्नाचे कपडे विकायला निघतात, त्याच दिवसात शाळेच्या फिया, वह्या-पुस्तकं, पेरणी सगळं अंगावर आलेलं असतं त्यामुळं विकणाऱ्याला पण घाई असते. दिवाळीच्या साफसफाईत कपाटं रिकामी होतात तो दुसरा हंगाम. तुळशीचं लग्न झालं की मग गिऱ्हाईक वाढतं अन भाव करायला जागा राहत नाही. म्हणजे मार्गशीर्षातल्या लग्नाला शालू पाहिजे तर तो श्रावणातच बघून ठेवावा.

आता मापं. एस, एम, एल हे विसरून जा, एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीचा एल असतो अन जुना कपडा धुऊन धुऊन आटलेला असतो ते वेगळंच. तुम्हाला एकदम बरोबर बसणारा तुमचाच एक ड्रेस घ्या, जमिनीवर पसरा, सुरकुती काढा अन टेपनं एका बगलेच्या शिवणीपासून दुसऱ्या बगलेच्या शिवणीपर्यंत मोजा. समजा १९ इंच आलं तर छातीचा घेर झाला ३८. तसंच खांदा, बाही, कमर, उंची. हे आकडे मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा, घरातल्या प्रत्येकाचे, अन विकणारीला सांगा की तिचा कपडा पण असाच पसरून मोजून पाठव. अंगावर टेप गुंडाळून घेतलेलं माप अन कपड्याचं माप यात फरक असतो म्हणून कपडा ते कपडा जुळवायचं. फोटोत टेप दिसली पाहिजे, नुसता "३८ येईल ताई" हा मेसेज काही कामाचा नाही.

जीन्सची कमर पसरून मोजायची अन दुप्पट करायची, आतल्या शिवणीची लांबी मांडीपासून खाली घोट्यापर्यंत घ्यायची, अन पुढून बटणापासून खाली शिवणीच्या जोडापर्यंत किती ते पण विचारायचं, नाहीतर कमर बसते पण खाली बसताना जीव जातो. शिवलेल्या ब्लाऊजला अन शेरवानीला सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड, किती ठेवलीय. दोन्ही बाजूला इंच-इंच माया असेल तर टेलर ब्लाऊज सैल करून देतो, नसेल तर माप जुळूनच पाहिजे. लहान करणं कधी पण सोपं, मोठं करणं मायेवर अवलंबून. घागऱ्याची उंची विचारताना तो ज्या बाईनं घातला तिनं हिल घातली होती का ते विचारा, दोन-तीन इंचाचा खेळ असतो तो, अन चोळीला आत पॅड शिवलेलं असेल तर चोळी नवीनच शिवावी लागंल असं धरून भाव ठरवा.

फोटोंचं सांगायचं तर विकणारी जो फोटो टाकते तो कपड्याच्या चांगल्या बाजूचा असतो, त्यात तिचं काही चुकलं नाही, आपण पण तसाच टाकला असता. आपण मागायचे ते वाईट जागांचे. बगलेत पिवळं-पांढरं पडलंय का, कॉलरच्या आतली घडी, बाहीचं टोक, जीन्सला दोन्ही मांड्यांच्या मधला भाग, तिथं कापड घासून पातळ होतं अन बाहेरून दिसत नाही. लेगिंग-जेगिंग असलं काही असेल तर कमरेचं इलॅस्टिक ताणून सोडायचा पाच सेकंदाचा व्हिडिओ, परत जागेवर आलं का लोळत पडलं ते लगेच दिसतं. चेन असेल तर उघड-बंद करून दाखवा म्हणावं. ब्लेझरला छातीवर अन कॉलरच्या पट्टीवर तिरप्या उजेडात फोटो मागा, घरच्या मशीनमध्ये धुतलेल्या ब्लेझरचं आतलं चिकटवलेलं कापड सुटतं अन वर बुडबुडे येतात, ते कुठलाच ड्रायक्लीनवाला परत बसवून देत नाही.

साडीच्या वाईट जागा वेगळ्या. डाव्या खांद्यावर जिथं पिन लागते तिथं भोकं पडून कापड ओढलेलं असतं. खालचा काठ निऱ्यांच्या जागी, तिथं टाचेखाली येऊन फाटतो, अन फॉल लावलेला असेल तर फॉल आत झाकून घेतो म्हणून फॉलची आतली बाजू दाखवायला सांगा. अन घड्या. सिल्कची साडी एकाच घडीत वर्षानुवर्षं पडून राहिली की घडीच्या रेषेवर रेशीम चिरतं. वरून अजिबात दिसत नाही, साडी खिडकीसमोर उजेडाकडं धरली की रेषेत बारीक बारीक उजेड दिसतो. हा व्हिडिओ मागायचाच. भोकाला रफू होतो, डाग कधी निघतो कधी निघत नाही, पण घडीवर चिरलेल्या सिल्कला इलाज नाही, ती एकदा नेसली की तिथूनच फाटत जाते.

मी मेसेज असा टाकते, पाहिजे तर उचला:

"नमस्कार ताई, साडी आवडली, अजून आहे का? असेल तर थोडा त्रास देते. दिवसा खिडकीजवळ फोटो काढाल का, फिल्टर नको. पदराचा पुढून अन मागून. खांद्याला पिन लावतो तिथला. खालचा काठ फॉलच्या बाजूनं. अन साडी उजेडाकडं धरून घड्या दाखवणारा छोटा व्हिडिओ. ब्लाऊजपीस आहे का वापरलाय? किती वेळा नेसली, कुठं धुतली? एका फोटोत चिठ्ठीवर आजची तारीख लिहून साडीवर ठेवा म्हणजे झालं. घाई नाही, सवडीनं पाठवा."

आजच्या तारखेची चिठ्ठी लई कामाची. दुसऱ्याच्या पेजवरून फोटो चोरून टाकणारे चिक्कार आहेत, त्यांच्याकडं वस्तूच नसते तर चिठ्ठी कशावर ठेवणार. शंका आली तर तो फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा, एखाद्या मोठ्या दुकानाच्या वेबसाइटवर तोच फोटो सापडला की विषय संपला. अन खरी विकणारी असेल तर एवढं मागितल्यावर ती चिडत नाही, जास्तीत जास्त "उद्या पाठवते" म्हणते. जी "घ्यायची तर घ्या नाहीतर सोडा, तीन जणी लाइनमध्ये आहेत" म्हणती तिला सोडून द्यावं, तिघींना घेऊ द्या.

पैठणीचं थोडं सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते अन पैठण आपल्याच जिल्ह्यांतलं, आपल्याला एवढं तरी कळलं पाहिजे. पैठणीला २०१० मध्ये जीआय टॅग, म्हणजे वस्तू मूळची कुठली ते सांगणारी सरकारी नोंद, मिळाला, त्यात पैठणबरोबर नाशिक जिल्ह्यातलं येवला पण येतं. जुन्या पद्धतीच्या हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर, मुनिया, कमळ हे सगळं रंगारंगाच्या वेगवेगळ्या कांड्यांनी हातानं भरतात, एक रंग जिथं संपतो तिथंच दुसऱ्यात अडकवून घेतात, त्यामुळं मागच्या बाजूनं लोंबणारे धागे राहत नाहीत अन पदर दोन्हीकडून जवळजवळ सारखाच दिसतो. मशीनच्या सेमी पैठणीत मोराच्या मागं आडवे धागेच धागे, नाहीतर ते कापून टाकल्याची खरखरीत कुसं. म्हणून पदराचा मागचा फोटो, तो पण जवळून, मोराची मान अन पिसारा दिसंल असा. तो फोटो द्यायला कुणी टाळाटाळ केली की सेमी समजा.

आता यात पण एक आहे. हातमागावर जॅकार्ड, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणारं यंत्र, लावून विणलेल्या साड्या पण असतात, त्यांच्या मागं धागे दिसू शकतात अन तरी सिल्क खरंच असतं. म्हणजे मागं धागे दिसले म्हणून साडी खोटी असं नाही, फक्त ती हातानं भरलेली नाही, अन भाव हातानं भरलेल्याचा द्यायचा नाही. अन संभाजीनगरची हिमरू शाल घ्यायला गेलात तर सगळं उलटं, सूत अन रेशमाच्या त्या विणीत मागं मोकळे धागे असतातच, त्यानंच ती ऊबदार होते. पैठणीचा नियम हिमरूला लावला तर चांगली शाल खोटी म्हणून सोडून द्याल.

सेमी घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. दिसायला छान असते, हळदी-कुंकवाला, डोहाळजेवणाला कुणी मागून उलटं करून बघत नाही. सेमीच्या पैशात सेमी घ्या एवढंच. "प्युअर आहे, आईची होती" ही गोष्ट ऐकून भाव वाढवू नका, आई तिची आहे, साडी किती खरी ते पदराची मागची बाजू सांगते. सिल्क मार्कचं लेबल म्हणतात ना, ते सेंट्रल सिल्क बोर्डाच्या सिल्क मार्क संस्थेचं, २००४ पासून सुरू झालंय, त्याच्या आधीच्या साडीला ते असणारच नाही, नंतरच्या साडीचं पण वापरात निघून गेलेलं असतं. त्यामुळं जुन्या साडीला लेबल नाही म्हणून घाबरू नका, अन नुसतं सुटं लेबल बाजूला ठेवून काढलेल्या फोटोवर भुलू पण नका, लेबल कुठल्या साडीचं ते कोण सांगणार.

साडी हातात आल्यावर पदराच्या दशांतला एक सुटा धागा काढून जाळून बघता येतो. सिल्क जळताना केस जळाल्यासारखा वास येतो, आगीपासून लांब नेलं की विझतं अन राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळतं, टोकाला कडक मणी होतो, वास प्लास्टिकचा. कागद जळाल्यासारखा वास आला तर रेयॉन नाहीतर सूत. धागा चिमट्यात धरा अन सिंकजवळ उभं राहून करा, लेकरांसमोर नको. जरीच्या धाग्याचं वेगळं असतं, म्हणून रेशमाचाच धागा घ्या. एवढं करूनही मनात राहिलं अन साडी महागाची असेल तर पैठणला सरकारी पैठणी केंद्र आहे तिथं एक चक्कर मारा, माग चालताना बघितला की मागची बाजू कशी असावी हे डोळ्याला कायमचं कळतं. नाथांचं दर्शन पण होतंय.

भाव करताना "लास्ट प्राइस?" एवढाच मेसेज टाकणाऱ्यांना कुणी उत्तर देत नाही अन देऊ पण नये. दोष सापडला तो दाखवून भाव करा. "ताई, काठ दोन बोटं फाटलाय, रफू अन नवीन फॉलचे पैसे मला घालावे लागतील, कुरियरसह एवढ्यात देताल का?" असं विचारलं की बोलणं होतं. कुरियरसह का कुरियर वेगळं हे पहिल्याच बोलण्यात ठरवा, इथं लई भांडणं होतात. विधवा बाई, आजारपण, गरज म्हणून विकायलेय असं कुणी सांगितलं तर मी भाव करत नाही, पण फोटो मात्र सगळे मागते.

पैशाचं. यूपीआयचा पिन फक्त पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. कोड स्कॅन केला की पैसे आपलेच जातात. "रिफंड पाठवतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका" म्हणणारा चोर आहे, विषयच संपला. "मी आर्मीत आहे, पोस्टिंगवर आहे, कँटीनची गाडी पार्सल घेऊन येईल" अन सोबत गणवेशातलं ओळखपत्र, हा प्रकार ओएलएक्सवर इतका जुना झालाय तरी लोक अडकायलेत, कारण जवान म्हणलं की आपण प्रश्न विचारत नाही. नवीन पेज असेल तर कमेंटा वाचा, कमेंटा बंद करून ठेवल्या असतील तर लांब राहा. टॅग केलेल्या फोटोंत जाऊन आधीच्या गिऱ्हाइकांना मेसेज करून विचारायला काय लाज, "ताई, यांच्याकडून तुम्ही घेतलं का, कसं आलं?" म्हणायचं, बाया सांगतात. महागाची वस्तू असेल तर आधी थोडे पैसे, पार्सल टाकल्याची पावती अन ट्रॅकिंग नंबर आला की बाकीचे, असं ठरवून बघा. डिलिव्हरीच्या वेळी पैसे देणं सुरक्षित वाटतं खरं पण डबा उघडायच्या आधीच पैसे घेतात, आत चिंधी निघाली तर कुरियरवाला काय करणार.

गेलेच पैसे तर रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा अन सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, बँकेला पण कळवा. जेवढ्या लवकर कळवाल तेवढी समोरच्याच्या खात्यात पैसे अडवायची शक्यता जास्त, दोन दिवस घरात कुणाला सांगू का नको करत बसलं की ते पुढं निघून जातात. दुकानवाला नाहीतर कंपनी असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. घरची बाई स्वतःची एखादी साडी विकत असेल तर तिथं ग्राहक कायदा फारसा कामाला येत नाही, म्हणून तर पैसे द्यायच्या आधीचं एवढं सांगायलेय.

समोरासमोर घ्यायचं असेल तर दिवसा, गर्दीच्या जागी, बसस्टँडच्या हॉटेलात चहा घेत बघा, सोबत कुणाला तरी न्या. पोरींनी कुणाच्या रूमवर जाऊन कपडे बघू नयेत.

पार्सल मागवताना आपला पिनकोड त्या कुरियरला चालतो का ते आधी बघा. तालुक्याच्या पुढं खेड्यात खाजगी कुरियरवाले येत नाहीत, फोन करून म्हणतात "ताई, फाट्यावर येऊन घेऊन जा". खेड्यात स्पीड पोस्ट बरं, पोस्टमन घर ओळखतो अन ट्रॅकिंग पण मिळतं. वजन विचारून घ्या, भारी काठाची नऊवारी अन डेनिम जॅकेट यांचा खर्च कुर्तीसारखा येत नाही. पार्सल आलं की उघडतानाचा व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरू करून एकाच शॉटमध्ये, मध्ये बंद न करता, नाहीतर समोरचा म्हणतो तुम्हीच बदललं.

आल्या आल्या कपाटात घालू नका. खरजेचे किडे माणसाच्या अंगापासून लांब साधारण दोन-तीन दिवसांच्या पुढं जगत नाहीत म्हणून पिशवीला गाठ मारून तीन-चार दिवस बाहेर ठेवली तरी तो प्रश्न मिटतो. ढेकूण मात्र उपाशी राहून महिनोन्महिने टिकतात, त्यांना मारायला कडक गरम पाणीच पाहिजे, शिवणीत अन खिशाच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात का बघा. सुती कपडे, जीन्स वगैरे कडक गरम पाण्यात भिजवून धुवा अन आपल्या उन्हात वाळवा, मराठवाड्याचं ऊन एरवी जीव खातं, इथं कामाला येतं. आंबट वास असेल तर पाण्यात खायचा सोडा टाकून रात्रभर ठेवा.

सिल्कला यातलं काही करू नका. सावलीत, वाऱ्यावर, दोन-चार दिवस पसरून ठेवली की डांबर गोळ्यांचा वास जातो. महागाची असेल तर सरळ ड्रायक्लीनला. साधी सिल्क घरी धुवायची असेल तर बोअरच्या जड पाण्यात धुऊ नका, साबण फेसत नाही अन वाळल्यावर पांढरट थर बसून चमक जाते. रिठ्याचं पाणी करा अन शेवटचं खळबळून काढायला जारचं पाणी घ्या, एका साडीला एक बादली लागते फक्त. आधी आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून बघा, रंग लागला तर धुवायचं रद्द. काळे बुरशीचे ठिपके असतील तर ते निघतील या आशेवर राहू नका, बहुतेक निघत नाहीत. नंतर रोल प्रेस करून आणा, जुना फॉल काढून नवा लावा, अन ठेवताना आधीच्या घडीवर परत घडी घालू नका, जागा बदलून घाला.

बसलंच नाही तर? टेलरकडं न्यायच्या आधी हिशोब करा, अस्तराचा घागरा सैल-घट्ट करायचे पैसे कधी कधी घागऱ्याच्या किमतीएवढे होतात. परवडत नसेल तर परत विकायला टाका, मापं तुमच्याकडं आहेत, फोटो आहेत, उजेडाकडं धरलेला व्हिडिओ पण आहे, तोच पाठवा. अन घरी आल्यावर जो डाग तुम्हाला सापडला त्याचा फोटो पहिला टाका, कुणी मागायची वाट बघू नका.